बोलिंगच्या पिना कोण उभ्या करतो ?

लगोरीचा खेळ आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. सात चपट्या दगडांची उतरंड रचावयाची, ती चेंडूनें पाडावयाची, आणि प्रतिपक्षाच्या चेंडूचा मार चुकवीत तीच उतरंड पुन्हां उभी करावयाची, असा त्याचा क्रम. या खेळाचें मर्म असें कीं, जो पक्ष पाडतो त्यालाच पुन्हां रचावें लागतें. पाडण्याचा आनंद आणि रचण्याचे कष्ट एकाच्याच पदरीं येतात. पाश्चात्य देशांतील एका जुन्या खेळांत मात्र हीं दोन कामें निराळीं झालीं. पाडणारा एक आणि उभें करणारा दुसरा. तो खेळ म्हणजे बोलिंग. त्या खेळांतील नामांकित खेळाडूंविषयीं आज मला बोलावयाचें नाहीं. पडलेल्या पिना ज्यांनीं उभ्या केल्या, त्यांचा इतिहास मी सांगणार आहें. प्रथम हें काम लहान मुलांनीं केलें, पुढें यंत्रानें केलें, आणि यंत्र आल्यावर त्या यंत्राला चालतें ठेवणारा मेकॅनिक त्या जागीं येऊन उभा राहिला.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. एक गुळगुळीत लांकडी पट्टी असते. तिची रुंदी सुमारें साडेतीन फूट. गोळा जेथून सोडावयाचा त्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतचें अंतर ६० फूट. पट्टीच्या टोंकाला १० पिना त्रिकोणांत उभ्या असतात. प्रत्येक पिन बाटलीच्या आकाराची, मेपल नांवाच्या कठीण लांकडाची, १५ इंच उंच आणि वजनानें सुमारें साडेतीन पौंड. शेजारच्या दोन पिनांच्या मध्यबिंदूंतील अंतर १२ इंच. गोळा जास्तींत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सुमारें सव्वासात किलोचा. खेळाडूला प्रत्येक डावांत दोन वेळां गोळा सोडतां येतो. पहिल्याच गोळ्यानें दहाही पिना पडल्या तर उत्तमच. न पडल्या तर पडलेल्या तेवढ्या बाजूला काढावयाच्या, उरलेल्या जेथल्या तेथें राहूं द्यावयाच्या, आणि मग दुसरा गोळा सोडावयाचा. डाव संपला कीं पुन्हां दहाच्या दहा उभ्या. एका खेळाचे असे १० डाव असतात.

आतां थोडा हिशेब करूं. एका माणसाच्या एका खेळाला निदान १०० पिनांची मांडणी लागते. पांच जणांचा संघ एका संध्याकाळीं तीन खेळ खेळला तर ती संख्या १५०० होते. कांहीं पिना पडल्याच नाहींत असें धरलें तरी हजारावर पिना कोणीतरी वांकून उचलल्या पाहिजेत. म्हणजे साडेतीन हजार पौंडांहून अधिक ओझें झालें. शिवाय प्रत्येक गोळा उचलून परत पाठविण्याचे कष्ट निराळे. हें सर्व काम एकेका पोरावर सोपविलेलें असे.

गोळा घरंगळत सोडून उभीं केलेलीं लांकडें पाडण्याचा छंद युरोपांत शेंकडों वर्षांचा आहे. जर्मनींत नऊ पिनांचा खेळ गांवोगांव रूढ होता. डच आणि जर्मन लोक अटलांटिक ओलांडून अमेरिकेंत गेले, तेव्हां हा खेळही त्यांच्याबरोबर गेला. वॉशिंग्टन अर्व्हिंग यानें १८१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘रिप व्हॅन विंकल’ या कथेंत डोंगरांतल्या गडगडाटाचा संबंध याच खेळाशीं जोडलेला आहे. १८४१ सालीं कनेक्टिकट संस्थानानें जुगार माजला म्हणून नऊ पिनांचा खेळ बंद केला, आणि कायद्याला बगल देण्यासाठीं लोकांनीं दहावी पिन उभी केली, अशी एक गमतीची गोष्ट सांगण्यांत येते. कायदा खरा आहे. परंतु दहा पिनांचा खेळ त्याच्या आधींही खेळला जात असल्याचे पुरावे सांपडतात, म्हणून त्या गोष्टीवर फारसा भार टाकूं नये. निश्चित तारीख हवी असेल तर ती ९ सप्टेंबर १८९५ ही होय. त्या दिवशीं न्यूयॉर्क शहरांतील बेटोव्हेन हॉलमध्यें ‘अमेरिकन बोलिंग काँग्रेस’ ही संस्था स्थापन झाली, आणि निरनिराळ्या गांवांच्या निरनिराळ्या चालींऐवजीं पट्टीचीं, पिनांचीं व गुणांचीं सर्व देशाला एकच मापें लावण्याचें काम सुरू झालें. तेव्हांपासून पिना लावणाराच्या चुकीलाही क्षमा उरली नाहीं. एक पिन अर्धा इंच सरकली तर गोळ्याचा परिणाम बदलतो, आणि खेळाडूचें कौशल्य व्यर्थ जातें.

पट्टीच्या टोंकाला एक खड्डा असे. पिना आणि गोळा त्यांत येऊन पडत. खड्ड्याच्या वर, दोन पट्ट्यांमधल्या आडभिंतीवर, पाय वर ओढून पोरगा बसलेला असे. गोळा आदळून उडालेल्या पिना स्थिर झाल्या कीं त्यानें खालीं उडी घ्यावयाची. आधीं गोळा उचलून उतरत्या घसरणीवर ठेवावयाचा, म्हणजे तो आपोआप खेळाडूकडे परत जाई. मग पिना वेंचावयाच्या. आणि पुढचा गोळा सुटण्यापूर्वीं पुन्हां वर चढून पाय आवरावयाचे. सरावलेला पोरगा एकेका हातांत दोन-दोन पिना धरी आणि एकाच वेळीं दोन पट्ट्या सांभाळी. मजुरी दर खेळामागें कांहीं सेंट. एखादा खेळाडू खूष झाला तर गोळ्याला बोटांसाठीं असलेल्या भोंकांत नाणें घालून तो गोळा हळूच पोराकडे सोडी. खेळाडू आपल्या तंद्रींत असे. पोरगा अजून खालींच आहे हें न पाहतां गोळा सुटे. पिन उडून कपाळाला लागणें आणि बोटें चेंगरणें हा त्या धंद्याचा नित्याचा भाग होता.

या मुलांची नोंद मागें ठेवली ती शिक्षकी पेशांतून आलेल्या एका माणसानें. लुइस हाइन हा न्यूयॉर्कमधील एका शाळेंत शिकवीत असे. १९०८ पासून तो राष्ट्रीय बालकामगार समितीसाठीं छायाचित्रें घेत अमेरिकाभर हिंडला. कोळशाच्या खाणी, कापडाच्या गिरण्या, कांचेचे कारखाने यांच्याबरोबरच तो रात्रींच्या वेळीं बोलिंगघरांतही गेला. न्यू जर्सींतील ट्रेंटन येथें डिसेंबर १९०९ मध्यें घेतलेल्या एका छायाचित्राखालीं त्यानें लिहून ठेवलें कीं, हीं मुलें मध्यरात्रीपर्यंत आणि त्यानंतरही काम करतात. एप्रिल १९१० मध्यें ब्रुकलिनमधील एका बोलिंगघरांत रात्रीं एक वाजतां घेतलेल्या छायाचित्राखालची त्याची टीप याहूनही बोलकी आहे. आणखी तीन लहान मुलें तेथें होतीं, परंतु मालकानें त्यांना चित्रांत येऊं दिलें नाहीं, असें ती सांगते. हजेरी घेण्याची संवय ज्याला आहे त्याला गैरहजर मुलें आधीं दिसतात. हाइननें त्या न दिसणाऱ्या तिघांचीही हजेरी मांडून ठेवली, म्हणून शंभराहून अधिक वर्षांनंतर आपण त्यांच्याविषयीं बोलूं शकतों.

त्याच काळांतली दुसरी एक गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे. १९१६ पासून अमेरिकन बोलिंग काँग्रेसचें सभासदत्व केवळ गोऱ्या पुरुषांना मिळे, असा लेखी नियम होता. गोऱ्या स्त्रियांनीं त्याच वर्षीं सेंट लुइस येथें आपली स्वतंत्र संस्था काढली. काळ्या वर्णाच्या मुलाला खड्ड्यांत उतरून पिना लावण्याची मुभा होती. परंतु तोच मुलगा मोठा होऊन संस्थेच्या सामन्यांत गोळा हातीं घेऊं म्हणेल तर दार बंद होतें. मोटारकामगारांची संघटना आणि इतर अनेक संस्था यांनीं चळवळ केल्यावर १९५० सालीं ही अट काढून टाकण्यांत आली.

हाइनच्या छायाचित्रांनीं अमेरिकेंत मोठी खळबळ उडविली. कायदे झाले; १९३८ सालीं संयुक्त सरकारचा मजुरीविषयक मोठा कायदाही झाला. परंतु त्यांतील बालमजुरीचीं कलमें मुख्यतः एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत माल पाठविणाऱ्या कारखान्यांसाठीं होतीं. गल्लींतील करमणुकीच्या धंद्याला त्यांचा जाच थोडाच होता. खड्ड्यांतलीं पोरें खड्ड्यांतच राहिलीं. दयेनें जें झालें नाहीं तें पुढें टंचाईनें झालें. दुसरें महायुद्ध आलें. तरुण सैन्यांत गेले, आणि त्यांच्याहून लहान मुलांना अधिक मजुरीचीं कामें मिळूं लागलीं. पट्ट्या रिकाम्या, खेळाडू दाराशीं, आणि पिना लावावयास कोणी नाहीं, अशी मालकांची स्थिति झाली. तेव्हां यंत्राची गरज सर्वांना एकदम पटली.

तत्पूर्वीं अर्धीमुर्धी यंत्रें नव्हतीं असें नाहीं. कांहीं ठिकाणीं पायानें दांडी दाबली कीं जमिनींतून दहा खिळे वर येत, आणि पिनांच्या बुडाला असलेल्या भोंकांत ते बसवून पिना नेमक्या जागीं उभ्या करीत. पुढें दहा खणांची एक चौकट आली. पोरानें पिना खणांत टाकून चौकट खालीं ओढली कीं दहाही पिना एकदम उभ्या राहत. यानें जागेची चूक टळली. परंतु वेंचणारा हात पोराचाच राहिला. वेंचण्याचें काम यंत्राला देणें हीच खरी अडचण होती. ती किती कठीण आहे हें पाहा. गोळा आणि पिना एकाच खड्ड्यांत पडतात, त्या आधीं निवडल्या पाहिजेत. पिना आडव्यातिडव्या पडतात, त्या सर्वांचें बूड एका बाजूला आणलें पाहिजे. आणि सर्वांत अवघड म्हणजे, धक्का लागून जागेवरून सरकलेली पण उभी राहिलेली पिन नियमाप्रमाणें सरकलेल्या जागींच राहिली पाहिजे. यंत्रानें ती उचलावी, खालची पडझड झाडावी, आणि तिला पुन्हां त्याच चुकलेल्या जागीं ठेवावें. पोराच्या डोळ्यांना हें सहज कळे. लोखंडाला तें शिकवावयाचें होतें.

हें साधलें तें गॉटफ्रीड श्मिट या यंत्ररचनाकारानें. न्यूयॉर्क संस्थानांतील पर्ल रिव्हर या गांवीं त्यानें १९३६ च्या सुमारास हा उद्योग आरंभिला. कार्यशाळा कोणती, तर टर्की पक्षी ठेवण्याची एक खोपट. हवा ओढून घेऊन पिना उचलाव्या, अशी त्याची पहिली कल्पना होती. बोलिंगचें साहित्य विकणाऱ्या सर्वांत मोठ्या कंपनीनें, म्हणजे ब्रन्सविकनें, तिच्यांत रस घेतला नाहीं. ज्या कंपनीनें घेतला तिचा खेळांशीं तोंवर कांहींच संबंध नव्हता. अमेरिकन मशीन अँड फाउंड्री, म्हणजेच ए.एम.एफ., ही १९०० सालीं स्थापन झालेली कंपनी तंबाखूच्या धंद्याला लागणारीं यंत्रें करीत असे. तिचा सूत्रधार मोरहेड पॅटरसन यानें श्मिटचे हक्क विकत घेतले. १९४६ सालीं बफेलो शहरीं राष्ट्रीय सामने भरले असतां हें यंत्र लोकांपुढें आलें. त्याचें वजन सुमारें दोन टन होतें, आणि तें वारंवार अडत होतें. पाहणारांनीं मौज म्हणून पाहिलें, कंपनीनें मात्र धडा घेतला. यंत्र घरीं नेऊन पुन्हां पांच वर्षें त्यावर मेहनत केली. १९५१ सालीं मिशिगन संस्थानांतील माउंट क्लेमेन्स येथें सुधारलेलीं यंत्रें बसविलीं गेलीं, आणि त्यानंतर तीं झपाट्यानें पसरलीं. ब्रन्सविकला आपली चूक उमगली, व १९५० च्या दशकाच्या मध्यावर तिनेंही आपलें यंत्र बाजारांत आणलें. न्यू इंग्लंड प्रांतांत मेणबत्तीसारख्या बारीक पिनांचा जो निराळा खेळ चालतो, त्याच्यासाठीं १९४९ सालींच स्वतंत्र यंत्र निघालें होतें.

ए.एम.एफ.नें आपलीं यंत्रें प्रथम विकलीं नाहींत, भाड्यानें दिलीं. जितके खेळ होतील तितक्या प्रमाणांत भाडें. या व्यवस्थेंत एक गोष्ट उघड आहे. यंत्र बंद पडलें कीं मालकाचें नुकसान, आणि कंपनीचेंही. म्हणून यंत्राबरोबरच त्याला जाणणारा माणूस तयार करणें प्राप्त झालें. दोन्ही कंपन्यांनीं मेकॅनिक शिकविण्याचे वर्ग काढले. अशा रीतीनें जो धंदा पूर्वीं जगांत नव्हता तो जन्माला आला.

आतां हा मेकॅनिक जेथें काम करतो तेथें आपण मनानें जाऊं. खेळाडूला पट्टीच्या टोंकाशीं रंगविलेला पडदा दिसतो. त्याच्या मागें एक अरुंद बोळ असते. तिच्या एका बाजूस भिंत आणि दुसऱ्या बाजूस ओळीनें उभीं असलेलीं यंत्रें, प्रत्येक पट्टीमागें एक. आवाज असा कीं, शेजारच्या माणसाशीं बोलावयाचें तर कानाशीं तोंड न्यावें लागतें. खेळाडूचा गोळा पिना पाडून मागच्या जाड गादीवर आदळतो, आणि त्या क्षणीं यंत्र जागें होतें. प्रथम एक आडवी फळी पट्टीवर उतरते. ती झाडूही आहे आणि पहारेकरीही, कारण यंत्राचें काम संपेपर्यंत ती दुसरा गोळा आंत येऊं देत नाहीं. मग वरून दहा खणांचें टेबल खालीं येतें. जेथें पिन उभी आहे तेथील पकड तिची मान धरते. जेथें नाहीं तेथील पकड रिकामी राहते. टेबल उभ्या पिना घेऊन वर जातें, फळी पडलेल्या पिना मागें लोटते, आणि टेबल पुन्हां उतरून उचललेल्या पिना जेथून घेतल्या तेथेंच ठेवतें.

मागें लोटलेल्या पिना आणि गोळा एका सरकत्या पट्ट्यावर पडतात. गोळा जड व गोल, म्हणून तो आपल्या दारांतून बाहेर पडतो; त्याला उचलून खालच्या मार्गानें खेळाडूकडे पाठविलें जातें. पिना मात्र रहाटगाडग्यासारख्या फिरत्या मोठ्या चाकाच्या खणांत शिरतात. रहाट जसा पाण्यानें भरलेलीं गाडगीं वर नेऊन पन्हळींत रिकामीं करतो, तसें हें चाक पिना वर नेऊन सोडतें. तेथें एक वांकडें पात्र असें घडविलेलें आहे कीं, पिन त्यांत कशीही पडो, तिचें बूडच पुढें व्हावें. तेथून ती आपल्या ठरलेल्या खणांत जाऊन बसते. दहाही खण भरले कीं पुढची मांडणी तयार. एका पट्टीसाठीं यंत्रांत १० नव्हे, तर २० किंवा त्याहून थोड्या अधिक पिना फिरत असतात. एक संच पट्टीवर असतांना दुसरा वाटेवर असतो.

या सर्व साखळींत कोठेंही एक कडी चुकली तर सर्व थांबतें. दोन पिना एकाच खणांत अडकतात. नऊ खण भरतात आणि दहाव्याची पिन चाकाखालीं लपून बसते. टेबल बिचारें तिची वाट पाहत राहतें. उभी पिन इतकी दूर सरकते कीं तिच्यावरची पकड तिला पोंचत नाहीं. मग टेबल तिच्या डोक्यावर टेंकतें आणि यंत्र शहाणपणानें स्वतःला बंद करून घेतें. चामड्याचा वा रबराचा पट्टा सैल पडतो, गोळा खालच्या वाटेंत रुततो, स्प्रिंग तुटते. पुढच्या टेबलावरून निरोप येतो: सात नंबर बंद. मेकॅनिक बोळींतून धांवतो. आधीं विजेचा खटका बंद. हा त्या धंद्याचा पहिला नियम, कारण समोर पिनेची मान आहे कीं माणसाचें मनगट, हें पकडीला कळत नाहीं. हा नियम घाईंत मोडणाऱ्यांनीं बोटें गमावलीं आहेत, आणि प्रसंगीं प्राणही. अडकलेली पिन काढावयाची, तीही कां अडकली हें ओळखून. नाहीं तर तीच पिन पांच मिनिटांनीं पुन्हां अडकते. हें सर्व दोन मिनिटांत झालें पाहिजे, कारण पुढें खेळाडू घड्याळाकडे पाहत असतात.

या कामाचा उत्तम भाग मात्र कोणाला दिसत नाहीं. तो सकाळीं होतो, पट्ट्या रिकाम्या असतांना. तेलपाणी, पट्ट्यांचा ताण पाहणें, झिजलेलें दांतेरी चाक अडण्यापूर्वीं बदलणें, भेगाळलेल्या पिना वेगळ्या काढणें, लांकडी पट्टीवर तेलाचा नेमका थर देणें, हीं कामें ज्याचीं नीट होतात त्याला संध्याकाळीं धांवावें लागत नाहीं. त्यांतून एक विचित्र न्याय उत्पन्न होतो. वारंवार धांवणारा मेकॅनिक मालकाला कष्टाळू वाटतो; ज्याचीं यंत्रें अडत नाहींत तो बसून पगार घेतो असें वाटतें. जुने मेकॅनिक यंत्राचा दोष कानानें ओळखतात. आमच्या गिरणगांवांतील फिटर साच्याच्या आवाजावरून बिघाड सांगे असें म्हणतात, तसेंच हें. पुस्तकांत ही विद्या पूर्णपणें उतरत नाहीं. ती हातावरून हातावर जाते.

यंत्रानें मालकांना पोरांच्या टंचाईंतून सोडविलें, आणि खेळाला कधीं नव्हते ते दिवस आले. खेळ दिवसरात्र चालूं शकूं लागला. अंधाऱ्या मद्यगृहांच्या तळघरांतून निघून तो उपनगरांतील मोठ्या इमारतींत, कुटुंबांच्या करमणुकीच्या जागीं गेला. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेंत सुमारें १२,००० बोलिंगघरें होतीं. कारखान्यांचे, कचेऱ्यांचे, चर्चचे संघ ठरलेल्या वारीं येऊन खेळत. मेकॅनिकच्या पगाराचा खरा आधार हे नियमानें येणारे संघ होते. पुढें ती चाल ओसरली. रॉबर्ट पुटनाम या राज्यशास्त्राच्या अभ्यासकानें १९९५ सालीं आपल्या प्रसिद्ध निबंधांत दाखविलें कीं, १९८० ते १९९३ या काळांत अमेरिकेंत बोलिंग खेळणाऱ्यांची संख्या सुमारें १० टक्क्यांनीं वाढली, पण संघांतून खेळणें सुमारें ४० टक्क्यांनीं घटलें. माणसें येतात, परंतु एकेकटीं, सुटीच्या दिवशीं. पुटनामला त्यांत समाजाची वीण सैल झालेली दिसली. मेकॅनिकला त्यांत दुसरेंही कांहीं दिसलें असेल: आठवड्याचे पांच दिवस यंत्रें निजलेलीं, आणि शनिवारीं सगळीं एकदम अडणारीं.

आपल्याकडे हा खेळ उशिरां आला, आणि मुंबईंत तो जेथें आला ती जागा विचार करण्यासारखी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या सुमारें अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे पूर्ववत् वाजलेच नाहींत. विसाव्या शतकाच्या अखेरीस लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारांत एक बोलिंगघर उघडलें. ज्या परिसरांत साचे आणि चात्या चालत, त्याच परिसरांत सुशिक्षित कुटुंबें गुळगुळीत पट्टीवर गोळे सोडूं लागलीं. एक उद्योग जाऊन दुसरा येणें हा काळाचा क्रम आहे, आणि मुलांनीं खेळूं नये असें कोण म्हणेल ? परंतु एवढें ध्यानांत घ्यावें कीं, यंत्राची नाडी ओळखणाऱ्या हजारों हातांना जेथें काम उरलें नाहीं, तेथें नवीन यंत्रामागें पुन्हां तसलेच हात लागले. मात्र हजारों नव्हे, बोटांवर मोजण्याइतके.

आतां तेही हात नकोसे होऊं लागले आहेत. युरोपांत आणि कॅनडांत एक निराळें यंत्र बरेंच रूढ झालें आहे. त्यांत प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी बांधलेली असते. पिना पडल्या कीं दोऱ्या वर ओढल्या जातात, पिना कठपुतळ्यांप्रमाणें लोंबत वर जातात, आणि पुन्हां खालीं सोडल्या कीं उभ्या. चाक नाहीं, वांकडें पात्र नाहीं, पिना निवडण्याची खटपट नाहीं. वीज कमी, सुटे भाग कमी, आणि मुख्य म्हणजे कसलेला मेकॅनिक नसला तरी चालतें. अमेरिकेंतही जाणते मेकॅनिक वृद्ध होत चालले, नवे मिळेनात, म्हणून मालक या यंत्राकडे वळूं लागले. जुन्या बोलिंग काँग्रेसच्या जागीं २००५ पासून जी नवी राष्ट्रीय संस्था काम पाहते, तिनें २०२३ सालीं दोरीच्या खेळाला मान्यता दिली, परंतु स्वतंत्र वर्ग म्हणून. कारण तिच्या प्रयोगशाळेंतील चांचणींत असें आढळलें कीं, दोरीच्या पिनांवर पहिल्याच गोळ्यांत दहाही पाडण्याचें प्रमाण सुमारें ७ टक्क्यांनीं कमी होतें, आणि एका खेळाची सरासरी सुमारें १० गुणांनीं उतरते. दोरी पिनेला मोकळेपणानें उडूं देत नाहीं. पडलेली पिन घरंगळत जाऊन शेजारणीला पाडते, हें जें या खेळांतलें भाग्य, तें दोरीनें कांहीं अंशीं कमी केलें.

या सव्वाशें वर्षांच्या इतिहासांतून जें निष्पन्न होतें तें असें. काम कष्टाचें आहे, धोक्याचें आहे, अन्यायाचें आहे, एवढ्यानें यंत्र येत नाहीं. हाइननें १९०९ सालीं मुलें दाखविलीं. यंत्र बसलें १९५१ सालीं. मधल्या बेचाळीस वर्षांत पिढ्या न् पिढ्या पोरें त्या खड्ड्यांत उतरलीं. यंत्र आलें तें पोरें मिळेनाशीं झालीं तेव्हां. आणि दोरी आली ती मेकॅनिक मिळेनासा झाला तेव्हां. दोन्ही वेळां हिशेब मालकाच्या अडचणीचा झाला. पहिल्या वेळीं त्या हिशेबांतून मुलांचें कल्याण झालें, ही आनंदाची गोष्ट. पण तो योगायोग होता, हेतु नव्हता. म्हणून माझें असें मत आहे कीं, मुलांना खड्ड्यांतून काढण्याचें श्रेय यंत्राला देऊन समाजानें मोकळें होऊं नये. बेचाळीस वर्षें वाट पाहिल्याचा दोष त्याच समाजाच्या खात्यावर राहतो. आपल्या देशांतही चहाच्या टपरीवर, फटाक्यांच्या कारखान्यांत, कापसाच्या शेतांत ज्यांचे हात लहानपणींच राबले, त्यांच्यासाठीं कोणीतरी यंत्र शोधून काढील म्हणून वाट पाहणें योग्य ठरणार नाहीं.

आणि मेकॅनिकविषयीं म्हणाल तर, त्याच्या विद्येचा मान राखण्यास वेळ अजून गेलेली नाहीं. जुन्या पद्धतीचीं यंत्रें अमेरिकेंत, आणि इतर अनेक देशांत, आजही हजारोंनीं चालतात. त्यांतलीं कित्येक साठ वर्षांपूर्वीं घडविलेलीं आहेत. लोखंड इतकें टिकलें याचें कारण लोखंडाच्या गुणांत जितकें आहे तितकेंच रोज सकाळीं त्याला तेल घालणाऱ्या हातांतही आहे. आपलीं मुलें कधीं बोलिंगघरांत गेलीं, दहा पिना पडल्या, आणि क्षणभरांत पुन्हां दहा उभ्या राहिल्या, तर त्यांना एवढें अवश्य सांगावें कीं, पडद्यामागें एक माणूस आहे, त्याच्या हाताला तेल लागलेलें आहे, आणि त्याचें काम नीट झालें म्हणूनच तो आपल्याला दिसला नाहीं.